टाचेचे दोन ठोके

माझे वडील कुठल्याही कुत्र्याला भीत नसत. वणीतले काही लोक याला धाडस म्हणायचे, काहींना वाटायचं यांच्याकडे एखादा मंत्र असावा. घरात आम्हाला खरं कारण ठाऊक होतं. त्यांना कुत्र्याचं गुरगुरणं ऐकूच यायचं नाही.

कोळशाच्या उघड्या खाणीत बार उडवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. जमिनीला भोकं पाडायची, त्यात दारू भरायची, भोंगा वाजवून माणसं लांब घालवायची आणि बटण दाबायचं. कानाला लावायचे मफ त्यांच्याकडे होते. पण ते लावले की साथीदाराची हाक येत नाही, म्हणून हा गडी मफ गळ्यात अडकवायचा आणि कानात चिमूटभर कापूस कोंबायचा. कापसाच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मी शाळेत असताना त्यांचा उजवा कान गेला. माझं लग्न झालं तोवर डावाही गेला होता. मंगलाष्टकं कुठे संपतात ते त्यांनी लोकांचे अक्षता टाकणारे हात बघून ओळखलं.

बहिरेपणावर त्यांनी एकच तोडगा काढला होता. कोणी काहीही बोललं की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हाओ." पाहुण्यांना हाओ, दूधवाल्याला हाओ, आई तावातावाने भांडत असली तरी हाओ. अकरावीत मी गणितात नापास झाले. आई बाजारात गेली होती, तेवढ्यात धीर करून बाबांसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. "हाओ," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून छान हसले. मार चुकला म्हणून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र त्या दिवशी फार एकटं वाटलं.

शाळेत नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. त्यांनी ते दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. "सगळं एकदमच येते माय," ते म्हणाले. "ट्रकही येते, भांडेही येते, तुयी मायही येते." बाबा मला 'माय'च म्हणायचे, आमच्याकडे बाप लेकीला म्हणतो तसं.

मग आम्ही ओरडायला लागलो. मागून जायचं, खांदा गदागदा हलवायचा, कानाला तोंड लावायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "बाबा, जेवाले चला!" त्यात मी मास्तरीण. साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज. आमच्या घरी काय भाजी झाली ते शेजारणीला तिच्या चुलीपाशी कळायचं.

रिटायर झाल्यावर बाबांनी खाणीच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि चंद्रपूर रस्त्याच्या बाजूला तीन खोल्या बांधल्या. पुढे ओटा, अंगणात कडुनिंब. दुपारी अडीचच्या सुमाराला खाणीत बार उडाला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. त्या घरात त्यांचा कुत्र्यांचा उद्योग सुरू झाला.

साधी कुत्री त्यांना नको असायची. ज्याला लोक पागल म्हणायचे, ज्याच्यासाठी कोणी काठी घेऊन निघालेलं असायचं, तेच कुत्रं ते मागायचे. जिथे असेल तिथे स्कूटरवर जायचे आणि कुत्र्याकडे पाठ करून बसायचे. पाठीमागे एक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी, थाळीत दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर. कुत्रं भुंकून भुंकून गळा फाडायचं, बाबा आपले समोरच्या शेतातली तूर बघत बसलेले. दोन तास, तीन तास. आपल्या भुंकण्याला हा माणूस ढिम्म हलत नाही, हे बघून कुत्रंच बुचकळ्यात पडत असणार. शेवटी ते थाळीपाशी यायचं. कधी आधी हाताला यायचं. बाबांचे दोन्ही हात दातांच्या खुणांनी भरलेले होते आणि इंजेक्शन देणारी सिस्टर त्यांना बघितलं की न विचारता त्यांची बाही वर सरकवायची.

एक काळी कुत्री कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आणली होती. ती फक्त बायांना चावते, असा तिचा लौकिक. बाबांनी चार दिवस बघितलं आणि शोध लावला की ती बायांना चावत नाही, झाडूला चावते. मग आईचा झाडू पळवून पंधरा दिवस तो मांडीवर घेऊन ते तिच्याजवळ बसले. आईने पंधरा दिवस घर फडक्याने झाडलं. "कुत्रं चावलं तं इंजेक्शन हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्या मानसावर काही इलाज नाही." ती काळी पुढे पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावर गेली, तूर राखायला. तिथली म्हातारी वर्षातून एकदा बाबांना बोरं पाठवायची आणि निरोप असायचा की काळी मजेत आहे, रानडुकरं मजेत नाहीत.

मी हे सगळं हसत सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नसे. मला त्या कुत्र्यांचा हेवा वाटायचा. लग्नानंतर मी यवतमाळला आले, लोहाऱ्याला, नवऱ्याची नोकरी तिथल्या एमआयडीसीत. माझ्या मैत्रिणी संध्याकाळी बापाशी फोनवर बोलायच्या. कोणी भावाची चहाडी करायची, कोणी नुसतं आज काय जेवलात विचारायची. मला ते करता येत नव्हतं. मी फोन केला की आई बोलायची आणि मागे बाबा कुठल्या तरी कुत्र्याशी काहीबाही बोलत असायचे. व्हिडिओ कॉल केला तर पडद्यावर आधी कुत्र्याचं नाक यायचं. या माणसाने कधीतरी माझ्याकडे पाठ करून बसावं आणि मी जवळ येईपर्यंत वाट बघावी, असं मला वाटायचं. पोरकट होतं, पण वाटायचं.

मग पांढरा आला.

तो रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे साखळीला बांधलेला होता. पांढराशुभ्र, एक डोळा निळसर. तीन माणसांना चावला होता. ढाबेवाला म्हणाला, "काका, ये पागल है, मत ले जाओ." बाबांनी नेहमीसारखी पाठ केली नाही. ते खाटेवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. एका ट्रकवाल्याने जोराचा हॉर्न मारला, तशी ढाब्यावरची बाकीची कुत्री दचकून उठली. पांढऱ्याचा कानसुद्धा हलला नाही. थोड्या वेळाने कोळशाने भरलेला हायवा डंपर गतिरोधकावरून गेला, आणि जमिनीला पोट लावून झोपलेल्या पांढऱ्याने झटकन मान वर केली. तीनही माणसांनी त्याला झोपेत किंवा मागून हात लावला होता, हे बाबांनी खाणाखुणांनी विचारून घेतलं. त्याला स्कूटरच्या पायदानावर उभं करून घरी आणलं आणि आईला मोठ्या आवाजात जाहीर केलं, "हा तं माह्यासारका हाय!"

त्याच्यासाठी त्यांनी एक रीत बसवली. मागून जायचं नाही. लांबूनच टाचेने जमिनीवर दोन ठोके द्यायचे, त्याने मान वळवली की समोर जायचं. आठवड्यात तो शिकला. अंगणात बाबांनी टाच दोनदा आपटली की पांढरा कुठूनही पळत यायचा.

आणि दुपारी दोघांची एक गंमत चालायची. अडीच वाजायला आले की बाबा ओट्यावर बसून चपला काढायचे आणि उघडे तळवे जमिनीला टेकवायचे. पांढरा शेजारी हनुवटी फरशीला लावून पडायचा. दोघंही वाट बघत राहायचे. खाणीत बार उडायचा, तावदानं वाजायची, आणि दोघं एकाच क्षणी एकमेकांकडे बघायचे. "झाला," बाबा म्हणायचे. कधी म्हणायचे, "आज भोकात पानी होतं, बार ओला गेला." तळव्यांना त्यांना तेवढंही कळायचं.

दिवाळीला मी वणीला गेले होते. असंच अडीच वाजून गेले होते, दोघं ओट्यावर बसलेले. मी चहा घेऊन मागून आले. इतक्या वर्षांची सवय. खांद्याला धरून हलवलं, कानाला तोंड लावलं आणि ओरडले, "बाबा, च्या!" पुढचं मला नीट आठवत नाही. कप फुटला, मी ओट्याखाली पडले, आणि माझं मनगट पांढऱ्याच्या तोंडात होतं.

घर माझ्या बाजूने उभं राहिलं. आई रडत होती. नागपूरहून आलेला भाऊ म्हणाला, "आता बस झालं, ह्याले सोडून या जंगलात." इंजेक्शन घेऊन घरी आले तेव्हा माझा हात ठणकत होता, पण खरी ठणक दुसरीच होती. ओरडून बोलायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. मी कॅलेंडरचं एक पान फाडलं, पाठीमागे पर्समधल्या लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं, "कुत्रा की मी?" आणि ते पान बाबांच्या मांडीवर ठेवलं. पोरांच्या चुकांवर मी ज्या पेनने गोल काढते, तेच पेन.

त्यांनी ते वाचलं. मला वाटलं, आता हाओ म्हणतील. पण त्यांनी पानाची घडी घालून खिशात ठेवली आणि अंगणात जाऊन पांढऱ्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही आपापसात बोललो की ते आधी आमच्याकडे बघायचे, मग त्याच्याकडे. आई त्यांना जेवायला बोलवायला ओरडली की लगेच त्यांची नजर पांढऱ्यावर. रोज भाकर घालणाऱ्या आईवर तो नुसता गुरगुरायचा. मी सामान भरत होते. माझ्यापेक्षा त्याची काळजी जास्त, हे मला दिसतच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं. पांढऱ्याला कडुनिंबाला साखळीने बांधलं होतं. स्वतः चार हात लांब स्टुलावर बसले.

"बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"रोज जसी बोलते तसी. च्या घ्या म्हन."

मला राग आला होता, पण तरी मी गेले, त्यांचा खांदा धरला आणि कानात ओरडले. पांढरा साखळीच्या टोकापर्यंत झेपावला. मानेवरचे केस उभे, दात बाहेर.

"आता अथी बस. माह्यासमोर," बाबांनी जमिनीकडे बोट केलं. "आवाज नको काढू. नुसते ओठ हालव."

मी समोर मातीत बसले. आवाज न काढता, सावकाश म्हणाले, बाबा, चहा घ्या. मला वेडगळ वाटत होतं. पांढऱ्याने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि बूड टेकलं.

"त्याले आवाज येत नाही," बाबा म्हणाले. "त्याले तोंड दिसते. तुमी वरडता तवा तोंड कसं दिसते, आरशात पाह्यलं का कधी? त्याले वाटते, हे लोकं ह्या बुढ्याले मारून राह्यले. म्हनून थो मधात पडते."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते, पांढऱ्याकडे बघत होते.

"मलेही तसंच दिसते माय," ते म्हणाले. "किती वर्सांपासून."

मी उठून न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. आरशासमोर उभी राहून, आवाज न काढता, रोज ओरडते तसं म्हणून बघितलं, "बाबा, जेवाले चला." डोळे वटारलेले, भुवया वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. जेवायला बोलावणारं तोंड ते नव्हतंच. त्या माणसाने इतकी वर्षं प्रेमाच्या प्रत्येक शब्दाला हे तोंड बघितलं आणि हसून हाओ म्हटलं. मी नळ सोडला आणि खूप रडले.

बाहेर आले आणि ते पान परत मागितलं. त्यांनी खिशातून काढून दिलं. मी ते चुलीत घातलं.

त्या दिवसापासून घराची रीतच बदलली. पांढऱ्याची रीत बाबांना लागू झाली, असं म्हणा. मागून कोणी जायचं नाही. टाचेचे दोन ठोके द्यायचे, मग समोर बसायचं आणि सावकाश बोलायचं. पहिल्यांदा आईला हसू यायचं. "आता नवऱ्याले टाचेनं बोलावू का मी?" मग तिलाही सवय झाली. ठोके दिले की दोघं एकदम मान वळवायचे, बाबा आणि पांढरा. भाऊ दोनदा विसरला, पांढऱ्याने दोनदा त्याला गुरगुरून आठवण दिली. तिसऱ्यांदा विसरला नाही.

आणि मग आम्ही बोललो. ते सव्वा वर्ष माझं आहे. शनिवारी शाळा सुटली की मी वणीची एसटी पकडायची, रविवारी रात्री परत. नवरा म्हणायचा, माहेराचं वेड आता लागलंय का तुला? खरंच आता लागलं होतं. ओट्यावर समोरासमोर बसायचं, ओठ नीट हलवायचे. काय बोललो? काही मोठं नाही. शाळेतलं राजकारण, तुरीच्या सोल्यांच्या भाजीत वांगं घालावं की नाही, पहिला बार उडवताना त्यांचे हात किती कापले होते. एकदा मी अकरावीचं गणित सांगितलं.

"माहीत होतं," बाबा म्हणाले.

"कसं? तुम्ही तर हाओ म्हणालात."

"तुयी माय रातभर रडली होती. मले वाटलं, पोट्टी स्वतःहून सांगेन. तू काहून सांगतलं नाही?"

सांगितलं होतं हो बाबा, मी म्हणाले, सगळ्यात आधी तुम्हालाच. त्यांनी माझे ओठ दोनदा वाचले. मग बराच वेळ ते पांढऱ्याच्या मानेवर हात फिरवत राहिले.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. यवतमाळला आणलं. दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे बाबांना कोणाचंच काही कळत नव्हतं. एक आया मायेनेच, पण कानात ओरडत होती, "आजोबा, डोळे उघडा!" मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. बाबांचे पाय जमिनीला नव्हते, खाटेवर होते. मी खाटेच्या लोखंडी पायावर टाच आपटली. दोनदा.

"हाओ," ते डोळे मिटूनच म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मास्क खाली केला. बाबा, मी आले.

"पांढऱ्याले..." ते थांबले, श्वास घेतला. "बार उडाच्या वक्ताले त्याले एकटं नको ठेवजो."

"हाओ," मी म्हणाले. आवाज न काढता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आई आणि पांढरा आता लोहाऱ्याला माझ्याकडे असतात. लोहाऱ्यात खाण नाही. कारखान्यांचे भोंगे आहेत, ट्रक आहेत, पण बार नाही. पांढऱ्याला हे कोणी कसं सांगणार? अडीच वाजायला आले की तो बाहेरच्या खोलीत जातो आणि फरशीला हनुवटी लावून पडतो. शाळेच्या दिवशी आई त्याच्याजवळ बसते. रविवारी मी बसते. चपला काढते, तळवे फरशीला टेकवते. गार फरशी असते, बाकी काही नसतं. तीन वाजतात, सव्वातीन वाजतात. तो उठत नाही. मधूनच माझ्याकडे बघतो, आणि "झाला" म्हणायला माझ्याकडे काही नसतं.

शेवटी मीच उठते, दाराशी जाते आणि त्याला जेवायला बोलावायला टाचेने दोन ठोके देते. तो झटकन मान वर करतो. शेपटी फरशीवर आपटते. पण तो माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागे, उघड्या दाराकडे बघतो.

दर रविवारी मीही वळून बघते.